शब्द पाळणारा हाफ

मंगळवार पेठेत फरसबंदी तालमीच्या फुटबॉल संघाचा विषय निघाला की लोक कृष्णातचे गोल सांगायला लागतात. अमक्या साली दोन, तमक्या साली फायनलला तीन. ऐकणाऱ्याला वाटावं, चेंडू आभाळातून थेट कृष्णातच्या पायावर येऊन पडत होता. त्यातल्या निम्म्याहून जास्त गोलांना पास ज्यानं दिला, त्या प्रसेनजीत कुरणेचं नाव सांगणाऱ्याला आठवत नाही. आठवलंच तर तोंड वाकडं करून म्हणतो, "व्हता की एक. लई थांबायचा चेंडूवर."

थांबायचा, हे खरं आहे. प्रसेनजीत मधल्या फळीत खेळायचा. पेठेच्या भाषेत हाफ. चेंडू आला की त्यावर पाय ठेवून तो क्षणभर नुसता उभा राहायचा. तेवढ्यात समोरचे दोघं त्याच्या अंगावर धावून यायचे, आणि ते जिथून धावून आले ती जागा मोकळी पडायची. मग त्या जागेत चेंडू जायचा आणि तिथं कृष्णात पोचलेला असायचा. एवढी साधी गोष्ट. पण ती दिसायला डोकं लागतं, आणि स्टेडियमवर लोक डोकं घेऊन येत नव्हते, तंबाखू-सुपारीचा मावा घेऊन येत होते.

प्रसेनजीत थांबला की गॅलरीतून ओरडा सुरू व्हायचा, "हाण की, झोपलास व्हय?" थ्रो घ्यायला रेषेजवळ गेलं की वरून माव्याची पिचकारी यायची, कधी पाठीवर, कधी मानेवर. ती टाकणारा दुसऱ्या तालमीचाच असायचा असं नाही. पास चुकला की प्रसेनजीतची जात निघायची आणि पास बरोबर पडला की गोल मारणाऱ्याचं नाव निघायचं. आठ-नऊ वर्षं हे असंच चाललं. त्याची आई सोनूबाई जर्सीवरचे ते लाल डाग दगडावर घासता घासता विचारायची, "ह्येला खेळ म्हणत्यात?" मानेवर पडलेली पिचकारी कोमट असते, हे ज्याच्या मानेवर पडली त्यालाच ठाऊक.

तो मूळचा गडमुडशिंगीचा. बाप लवकर गेला, सोनूबाई लोकांच्या रानात भांगलायला जायची. एक्क्याण्णव साली, तो एकोणीस वर्षांचा असताना, उचगावला गावागावांच्या सामन्यात अनवाणी खेळत होता. तिथं फरसबंदी तालमीचा सेक्रेटरी धैर्यशील आला होता. धैर्यशील तेव्हा तिशीच्या आतला, बुलेटवर फिरणारा, घरचा बरा. त्यानं पंधरा मिनिटं खेळ बघितला आणि सामना संपायच्या आधीच प्रसेनजीतचा पत्ता विचारला. त्या गर्दीत त्या पोराचं थांबणं कळलेला तो एकटा माणूस होता. हे मुद्दाम सांगायला पाहिजे. पुढं प्रसेनजीतला ज्याची शिसारी यायची होती तो माणूस मुळातच खेळातला अडाणी असता तर सगळं सोपं गेलं असतं.

फरसबंदी तालमीत एक रीत होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी नव्या खेळाडूला देव्हाऱ्यासमोर उभं करायचं, पट्टणकोडोलीहून आणलेला बिरदेवाचा भंडारा परातीत ठेवायचा आणि तो उचलायला लावायचा. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती मुठीत घेऊन बोललेला शब्द आपल्याकडं दगडावरच्या अक्षरांपेक्षा पक्का धरतात; निवडणुकीत मतंसुद्धा त्याच्यावर बांधतात. शपथेत दोन गोष्टी होत्या. दुसऱ्या कुठल्या संघाकडून खेळायचं नाही, आणि तालमीत बोललेलं तालमीबाहेर काढायचं नाही.

प्रसेनजीत परातीसमोर अडखळला. त्याच्या आज्ज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. ही गोष्ट त्यानं लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की गाठोड्याच्या फडक्याचा रंगसुद्धा त्याला पाठ होता. पण बाजूला नवे बूट ठेवले होते, त्याच्या मापाचे, आणि पंधरा-वीस जण बघत होते. त्यानं भंडारा उचलला.

घरी आला तेव्हा हात अजून पिवळा होता. सोनूबाईनं त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं, चुलीतली राख आणून त्याच्या हातावर ओतली आणि म्हणाली, "घास. आज्ज्यानं नदीत सोडल्याला देव त्वा परातीतनं घरात आणलास." त्यानं हात घासला. रंग गेला. पण शब्द दिला होता तो दिला होता, आणि राखेनं तो जाईल असं काही त्याला वाटलं नाही. देव तर तो मानत नव्हता. मग शपथ घेतली कुणाची? फार विचार करून त्यानं स्वतःशी ठरवलं, की ती आपलीच आपल्याला घातलेली आहे. या एका हिशेबात तो पुढं आयुष्यभर अडकला.

त्र्याण्णव साली पुण्याच्या एका कारखान्याच्या संघाचा माणूस सामना बघायला आला आणि सामन्यानंतर त्यानं प्रसेनजीतला चहाच्या गाड्यावर गाठलं. कारखान्यात कायमची नोकरी, राहायला खोली, आणि खेळायला असा संघ जिथं चेंडूवर थांबणाऱ्याला शिव्या बसत नाहीत. प्रसेनजीत सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "भंडारा उचललाय." पुण्याच्या माणसाला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो चहा अर्धा टाकून निघून गेला.

वर्षभरानं कृष्णात वीरगल्ली तालमीकडं गेला. वीरगल्ली म्हणजे फरसबंदीची पिढ्यान्‌पिढ्यांची वैरी. त्यांच्या अध्यक्षानं कृष्णातला पतसंस्थेत चिकटवला होता. कृष्णात माळकरी घरातला, दर रविवारी जोतिबाच्या डोंगरावर जाणारा. प्रसेनजीतनं त्याला रस्त्यात अडवून विचारलं, "आणि शपथ?"

"सोडवली की," कृष्णात म्हणाला. "पट्टणकोडोलीला गेलतो. नारळ फोडला, पाच जणांस्नी जेवाय घातलं. पोटासाठी चाललोय म्हणून सांगितलं पुजाऱ्याला. झालं."

"असं सुटतंय?"

"आरं लगा, देवाला काय तेवढंच काम हाय व्हय?"

प्रसेनजीत तिथंच उभा राहिला. म्हणजे ज्यांचा देव होता त्यांना बाहेर पडायची वाट पहिल्यापासून माहीत होती. ज्याचा देव नव्हता तो तेवढा आत अडकून पडला होता, आणि त्याला ती वाट सांगावी असं त्या सबंध तालमीत कुणालाही वाटलं नव्हतं. पुण्याची गोष्ट धैर्यशीलला ठाऊक होती. त्यानं तेव्हा पाठीवर थाप मारून "शब्दाचा पक्का गडी" असं चारचौघांत म्हटलं होतं. ती थाप प्रसेनजीतला आता आठवली आणि अंगावरून गोम गेल्यासारखं झालं.

तरी तो राहिला. राहिला याचं कारण त्यालाही धड सांगता आलं नसतं. पुण्याचा माणूस पुन्हा आला नाही हे एक. आणि नारळ फोडून सुटायचं तर आधी देव मानायला पाहिजे, हे दुसरं.

शहाण्णव साली फरसबंदी आणि वीरगल्लीच्या सामन्यात दंगा झाला. वीरगल्लीच्या गॅलरीतून आलेला दगड प्रसेनजीतच्या कानाच्या वर बसला, सात टाके पडले. दवाखान्यात त्याला बघायला आलेल्यांतला एकही जण त्याला बघायला आला नव्हता. सगळे बदला कसा घ्यायचा ते बोलायला आले होते. त्याच्या खाटेभोवती उभे राहून, त्याच्या उशाशी आणलेली केळी खात ते ठरवत होते, की वीरगल्लीतली कुणाची गाडी जाळायची. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या जळाल्या आणि पेठेतल्या अकरा पोरांवर गुन्हे दाखल झाले. त्यातला आकाराम पोलीस भरतीत पास झाला होता. त्या गुन्ह्यानं त्याचं नाव यादीतून गेलं आणि तो माणसं कोंबून नेणारी वडापची जीप चालवायला लागला. धैर्यशीलचं नाव मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही. उलट पुढच्या निवडणुकीत तो नगरसेवक झाला. पेठेची अब्रू राखणारा म्हणून त्याची मिरवणूक निघाली, आणि मिरवणुकीच्या पुढं आकाराम नाचत होता.

नव्याण्णव साली प्रसेनजीतचा गुडघा कायमचा गेला. तालमीनं त्याला श्रीफळ दिलं, शाल दिली, आणि दुसऱ्या वर्षी कोच केलं. पोटासाठी तो उद्यमनगरात एका फौंड्रीत साचे भरायला जात होता. फौंड्रीतली वापरून जळालेली काळी वाळू तो पोत्यातून सायकलवर आणायचा आणि पहाटे मैदानावर तिची रिंगणं आखायचा. एका रिंगणात सात पोरं उभी करायची. चेंडू रिंगणाबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि उंच मारायचा नाही. "थांब. बघ. मग दे." हे चार शब्द त्यानं पाच वर्षं इतक्या वेळा म्हटले, की पोरं त्याच्या मागं त्याची नक्कल करून हसायची.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट बघायची राहिली होती. खऱ्या सामन्यात, भरल्या स्टेडियमवर, त्याच्या पोरांनी चेंडू आपल्याकडं ठेवून खेळावं. घाई नाही, धांदल नाही, एका पायातून दुसऱ्या पायात. सरावात ती खेळायची. सामन्यात सात-आठ पास झाले की गॅलरी ओरडायला लागायची आणि एखादा जण घाबरून चेंडू आभाळात भिरकावून द्यायचा. मग टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांची प्रसेनजीतला चीड यायची. चेंडू आभाळात गेला म्हणून खूष होणारी माणसं त्यानं दुसरीकडं कुठं बघितली नव्हती.

तोवर तालीमही बदलली होती. आखाड्याच्या भिंतीवर जुन्या पैलवानांच्या तसबिरी होत्या, त्या झाकतील एवढे मोठे फ्लेक्स लागले. त्यावर धैर्यशीलचा हात जोडलेला फोटो, शेजारी त्याच्या पोराचा गॉगल लावलेला फोटो, आणि तळाला चिंचोक्याएवढ्या चेहऱ्यांत अकरा खेळाडू. सामना जिंकला की गुलाल धैर्यशीलच्या अंगावर पडायचा. कृष्णातही परत आला होता. वीरगल्लीशी आणि पतसंस्थेशी फिसकटल्यावर त्यानं पुन्हा एक नारळ फोडला, आणि धैर्यशीलनं त्याला संघाचा मॅनेजर केलं. तो मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा आणि पोरांना म्हणायचा, "सर सांगत्यात ते ऐका, पन येळ आली की हाणा."

दोन हजार पाच सालचा मे महिना. साखळीतला शेवटचा सामना फरसबंदी आणि वीरगल्लीचा राहिला होता. त्यांच्या गटात तिसरा संघ गडमुडशिंगीचा होता. रानातली आणि म्हशींमागची पोरं. गावाचा संघ इतका वर पहिल्यांदाच आला होता. त्यांचे सामने खेळून झाले होते आणि आता त्यांना फक्त वाट बघायची होती. फरसबंदी किंवा वीरगल्ली, कुणीही एक हरलं की त्याच्या जागी मुडशिंगी पुढं जाणार होती. दोघांची बरोबरी झाली तर दोघंही पुढं आणि मुडशिंगी घरी.

सामन्याच्या दिवशी सकाळी नऊला धैर्यशीलनं सगळ्यांना तालमीत बोलावलं. दार आतून लावलं. देव्हाऱ्यासमोर परात ठेवली होती आणि तिच्यात भंडारा होता. हंगाम संपत आला असताना परात कशाला, हे प्रसेनजीतला कळेना.

धैर्यशील बसूनच बोलला. "आज बरोबरी करायची. वीरगल्लीच्या अध्यक्षांशी बोलणं झालंय, काल च्या प्यालोय त्यांच्यात. एक गोल आपला, एक त्यांचा. दिवाळीला इलेक्शन हाय आणि ह्या टायमाला त्यांचं-आमचं एकच पॅनेल हाय. कुणी हरणार न्हाय, दगड पडणार न्हाईत, कुणाची डोकी फुटणार न्हाईत. काय वाईट हाय सांगा."

प्रसेनजीतचा हात आपोआप कानाच्या वर गेला. दोन गाड्या, अकरा गुन्हे, आकारामची नोकरी, एवढं सगळं ज्या वैरासाठी झालं, ते वैर या माणसानं काल कपबशीत बुडवून टाकलं होतं. आणि वर शांततेच्या गोष्टी सांगत होता.

"आणि मुडशिंगी?" प्रसेनजीतनं विचारलं.

"मुडशिंगीचं काय?"

"ती भायेर जात्यात, दादा."

"जातील की. ऊस हाय, म्हशी हाईत. खेळून काय दिवं लावणार हाईत?" धैर्यशीलनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुझं गाव म्हणून बोलायलास."

"न्हाय. खेळतोय म्हणून बोलायलोय."

धैर्यशीलनं परात पुढं सरकवली. कृष्णातनं सगळ्यांच्या आधी भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि बाजूला झाला. मग एकेक पोरगं पुढं आलं. यांना प्रसेनजीतनं पाच वर्षं काळ्या वाळूच्या रिंगणात उभं केलं होतं. त्यांतल्या एकानंही त्याच्याकडं वळून बघितलं नाही. दोघं तर एकमेकांकडं बघून हसले. सगळे झाल्यावर परात प्रसेनजीतसमोर आली.

"मी न्हाय उचलणार," तो म्हणाला.

"आरं, तुमच्यात तर देव मानत न्हाईत," धैर्यशील हसत म्हणाला. "मग उचलायला तुझं काय जातंय?"

"तुमी मानतासा, म्हणून तुमास्नी सोडवून घेता येतंय. माझी कोण सोडवणार?"

धैर्यशीलला राग येईल असं पोरांना वाटलं होतं. राग आला नाही. तो उठला, प्रसेनजीतच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला दारापर्यंत घेऊन गेला. "मग आज तू घरी थांब. ताप आलाय म्हणून सांगतो. जुनी शपथ हाय न्हवं तुझी? तालमीतलं भायेर काढायचं न्हाय?"

"हाय."

"मग झालं तर," धैर्यशील म्हणाला आणि त्यानं निवांतपणे दार उघडून दिलं.

रस्त्यावर आल्यावर प्रसेनजीतला कळलं, की त्या खोलीतल्या सगळ्या माणसांत धैर्यशीलचा सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावरच होता. भंडारा उचललेल्या सोळा पोरांवर नाही, कृष्णातवर तर नाहीच. त्याच्या खरेपणावर त्या माणसानं आपली लबाडी टेकवून ठेवली होती. त्यानं रस्त्याच्या कडेला थुंकून घेतलं. पुन्हा थुंकला. तोंडातली चव गेली नाही.

तो सायकल मारत गावी गेला. सोनूबाई भाकरी थापत होती. त्यानं एवढंच सांगितलं, "आज भंडारा उचल म्हणालते. उचलला न्हाय."

सोनूबाईचे हात थांबले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती तालमीच्या विषयावर त्याच्याकडं बघून हसली. पिठाच्या हातानं तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं, दह्याची वाटी ठेवली. मग म्हणाली, "कशापायी उचलायचा हुता?"

त्यानं भाकरी मोडून दह्यात बुडवली.

"सांगत न्हाईस म्हंजी कायतर घाण हाय."

तो जेवत राहिला.

"आपल्या गावातल्या पोरांच्या संबंधात हाय?" तिनं विचारलं. पोरं टेम्पो करून सामना बघायला निघायच्या तयारीत होती, आणि टेम्पो समोरच उभा होता. प्रसेनजीतनं मान खाली घातली. सोनूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "उचलला न्हाईस आणि तोंडबी उघडत न्हाईस. मग न उचलून काय केलंस?"

तो ताटावरून उठला. सामना चारचा होता. फुटबॉल असोसिएशनच्या माणसांना जाऊन सांगायचं, सामना सुरू व्हायच्या आधी, नाव घेऊन, असं तो सबंध वाटेवर स्वतःला बजावत राहिला. स्टेडियमच्या दाराशी पोचला तेव्हा पंच, टेबलावरचे पदाधिकारी, सगळे समोर दिसत होते. वीस पावलांवर. तो तिथं पाच मिनिटं उभा होता. गडमुडशिंगीच्या टेम्पोतली पोरं हलगी वाजवत आत गेली. त्याला आठवत होता तो एकोणिसाव्या वर्षी बोललेला शब्द: तालमीत बोललेलं बाहेर काढायचं नाही. तो शब्द मोडला तर पुण्याची नोकरी कशासाठी सोडली? आठ-नऊ वर्षं मानेवर थुंकी कशासाठी झेलली? सगळाच वेडेपणा ठरला असता. तेवढं मान्य करायची त्याची तयारी झाली नाही. तिकीट काढून तो उघड्या गॅलरीत एका कोपऱ्यात जाऊन बसला.

सामना सुरू व्हायच्या बेताला कुणीतरी शेजारी येऊन बसलं. सयाजी होता, गडमुडशिंगीच्या संघाचा कप्तान. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा. रोज सकाळी मोटारसायकलला कॅन लावून मंगळवार पेठेत दूध घालायचा. त्याची पोरं पलीकडं हलगी घेऊन बसली होती. ती सोडून तो इकडं आला होता.

"सर, तुमी हितं? खाली न्हाई?"

"ताप आलाय," प्रसेनजीत म्हणाला. हे म्हणताना त्याची जीभसुद्धा अडखळली नाही.

"आज काय हुईल, सर?"

"बघायचं."

विसाव्या मिनिटाला फरसबंदीनं गोल केला. वीरगल्लीचा गोलकीपर चेंडू गेल्यावर पडला. तिसाव्या मिनिटाला वीरगल्लीनं केला, आणि फरसबंदीचा कीपर तर पडलासुद्धा नाही. मध्यंतरानंतर फरसबंदीच्या पोरांनी चेंडू घेतला आणि पास द्यायला सुरुवात केली.

दहा पास झाले. पंधरा झाले. वीरगल्लीची पोरं अंतर ठेवून नुसती हलत होती. एक जण चेंडूवर पाय ठेवून थांबला, मान वर केली, बघितलं, मग दिला. पुढच्यानं तेच केलं. मधल्या फळीतून बाजूला, बाजूनं मागं, मागून पुन्हा मध्ये. घाई नाही, धांदल नाही. पाच वर्षं घसा फोडून जे सांगितलं होतं ते सगळं, एकही चूक न करता. आणि गॅलरीतून एक शिवी आली नाही. "हाण की" म्हणून कुणी ओरडलं नाही. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या एकत्र टाळ्या वाजवत होत्या. लोकांना आज अक्कल कुठून आली, हे प्रसेनजीतला कळेना.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याला ते सुंदर दिसत होतं. शरम वाटत होती आणि तरी नजर निघत नव्हती. त्याचा दुखरा पाय बाकाखाली आपोआप हलत होता, जिथं पास जायला पाहिजे तिथं तो क्षणभर आधी वळत होता. आपल्या हातानं शिजवलेलं अन्न कुणी गटारात सांडावं आणि त्याच्या वासानं आपल्याच तोंडाला पाणी सुटावं, तसं झालं.

"काय खेळायल्यात, सर," सयाजी म्हणाला. "तुमीच शिकवलासा न्हवं?"

"व्हय."

"आमची पोरंबी म्हणत्यात, शिकावं तर असं." सयाजी थोडा थांबला. मैदानाकडं बघतच त्यानं विचारलं, "वीरगल्लीवाले चेंडू काढून का घेत न्हाईत, सर?"

प्रसेनजीतनं तोंड उघडलं. अजून पंधरा मिनिटं बाकी होती, आणि पदाधिकाऱ्यांचं टेबल खाली समोरच होतं. सयाजी आता मैदानाकडं बघत नव्हता, त्याच्याकडं बघत होता.

"दमल्यात," प्रसेनजीत म्हणाला.

सयाजीनं मान हलवली. मग तो पुन्हा मैदानाकडं बघायला लागला. शेवटची शिट्टी झाली, दोन्ही तालमींचे झेंडे एकदम वर गेले, गुलाल उडाला. धैर्यशील आणि वीरगल्लीचा अध्यक्ष हातात हात घालून मैदानात उतरले. पलीकडं गडमुडशिंगीच्या पोरांनी हलगी खाली ठेवली होती.

सयाजी उठला, पँट झटकली.

"सकाळी पेठेत दूध घालाय धा वाजलं, सर," तो शांतपणे म्हणाला. "तवाच कळलं. घराघरात म्हाईत हुतं. कृष्णातदाच्या घरातनंच भायेर आलंय. तक्रार करावी म्हटलं तर पुरावा मागतील, तो कुठला आणायचा? मग तुमास्नी हितं बसल्यालं बघितलं. पोरं म्हणाली, सर सांगतील. तेवढ्यासाठी शेजारी येऊन बसलतो."

तो पायऱ्या उतरून गेला. पोरांजवळ जाऊन त्यानं नकारार्थी मान हलवली, आणि सगळी पोरं एकदम वर प्रसेनजीतकडं बघायला लागली. खाली मैदानात कृष्णात दोन्ही हात हलवून त्याला गुलालात यायची खूण करत होता. प्रसेनजीतच्या घशाशी आंबट पाणी आलं. इतकी माणसं बघत असताना ओकायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं ते गिळलं.